तंबोरा ऐकू येईल असं कार्ड

रविवार, 8 जून 2025, मिरज

आमच्या श्रवण मंडळाच्या आजच्या बैठकीत ठरलं: मंडळाच्या संगणकाला नवं साउंड कार्ड घ्यायचं, तीस हजारांपर्यंत खर्च करायचा आणि निवड मी करायची. 10 जुलैला गुरुपौर्णिमा आहे. त्या दिवशी खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या जुन्या तबकड्यांचं सत्र ठेवलं आहे, त्याच्या आत हे व्हायला हवं. अण्णांनी विचारलं, "बाई, हजार-दोन हजारांतही कार्ड मिळतं म्हणतात. मग तीस कशाला?" प्रश्न रास्त आहे. मंडळाचा पैसा वर्गणीचा आहे, त्याला उत्तर द्यावंच लागेल.

मागच्या सत्रात काय झालं ते लिहून ठेवते, कारण निवड त्यावरूनच करायची आहे. किशोरीताईंचा भूप लावला होता. गाण्याआधी नुसता तंबोरा वाजत असतो, ऐकणारा त्यातच बसतो आणि मग पहिला षड्ज येतो. आमच्याकडे तंबोऱ्याच्या जोडीला स्पीकरमधून एक जाड गुणगुण येत होती आणि तिच्यावर बारीक सूं असा आवाज. गाणं रंगलं की हे सगळं झाकलं जातं. पण ताई श्वासाला थांबल्या, की ते पुन्हा वर येतं. मंडळातल्या बऱ्याच जणांना त्याची सवय झाली आहे. मला ती सवय मोडायची आहे.

कार्डाचं काम तसं मोजकं आहे. सीडीवर दर सेकंदाला डाव्या बाजूचे 44,100 आणि उजव्या बाजूचे 44,100 आकडे असतात, प्रत्येक आकडा 16 बिटांचा. कार्डातला डॅक या आकड्यांपासून विजेचा सलग, चढता-उतरता दाब तयार करतो आणि तो अ‍ॅम्प्लिफायरकडे जातो. या वाटेवर कार्डानं स्वतःचं काही मिसळू नये, एवढंच त्याच्याकडून हवं आहे. आमचं सध्याचं कार्ड वेगळं नाहीच. मदरबोर्डवर जे आलं तेच आम्ही वर्षानुवर्षं वापरतो आहोत.

मंगळवार, 10 जून

भाची पुण्यात इलेक्ट्रॉनिक्स शिकते. तिला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, आधी काही विकत घेऊ नकोस. आवाज नेमका कुठून येतोय ते शोध. मी सांगते तसं कर." दुपारी सभागृहाची किल्ली घेऊन गेले.

तिनं पाच मिनिटांची एक कोरी फाइल पाठवली होती. फाइल वाजत असते, पण तिच्यात आवाज नसतो. हेडफोन संगणकाच्या मागच्या जॅकला लावला, आवाज पूर्ण वाढवला आणि कोरी फाइल सुरू केली. सूं आवाज आला. माउस हलवला तर त्याच्याबरोबर बारीक चिरचिर. पुढच्या जॅकला हेडफोन लावला तेव्हा चिरचिर आणखी स्पष्ट झाली. कारण पुढच्या जॅकची वायर कॅबिनेटच्या आतून, मदरबोर्डावरून लांबवर फिरून येते आणि वाटेत प्रोसेसर, पंखे, पॉवर सप्लाय यांची विजेची धावपळ गोळा करते. हा दोष कार्डाच्या बाजूचा.

पण जाड गुणगुण हेडफोनमध्ये अजिबात नव्हती! ती फक्त स्पीकरला जोडल्यावर यायची. भाचीच्या सांगण्यावरून माझा लॅपटॉप चार्जर काढून, नुसत्या बॅटरीवर, त्याच स्पीकरना जोडला. गुणगुण गेली. चार्जर लावला तर परत आली.

म्हणजे ही गुणगुण डॅकची नाही, अर्थिंगची आहे. संगणक एका भिंतीवरच्या बोर्डाला, स्पीकर रंगमंचापलीकडच्या बोर्डाला. दोन्हींना आपापली अर्थिंग आहे आणि मधल्या ऑडिओच्या वायरीनं त्या दोन्ही एकमेकींना जोडल्या जातात. त्यातून एक बंद फेरा तयार होतो. त्या फेऱ्यात घरगुती विजेचा थोडासा प्रवाह फिरत राहतो आणि तोच स्पीकरमधून ऐकू येतो. याच संगणकात कितीही भारी कार्ड बसवून याच वायरीनं जोडलं असतं, तर पैसे जाऊन गुणगुण शिल्लक राहिली असती.

एक गोष्ट ठळक लिहून ठेवते. अशा वेळी तीन पिनांच्या प्लगमधली अर्थिंगची पिन काढून टाका, असं सांगणारे लोक भेटतात. गुणगुण जाते खरी, पण उपकरणाच्या लोखंडी पेटीत वीज उतरली तर वाचवणारी तीच एक वायर असते. मंडळात हे कुणालाही करू देणार नाही.

त्याच रात्री

झोप येईना, म्हणून हिशेब मांडला. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. गुणगुण म्हणजे 50 आणि तिच्या पटी: 100, 150 वगैरे. पुरुष गायकाचा तंबोरा काळी एकला लावला तर षड्ज साधारण 138.6 हर्ट्झवर येतो. पहिली तार मंद्र पंचमाची, म्हणजे 104 च्या जरा खाली. खर्ज 69.3 वर. आता 100 हर्ट्झची गुणगुण पाहा. ती मंद्र पंचमाच्या खाली, जवळजवळ दोन तृतीयांश अर्धस्वरानं उतरलेली आहे. पंचमाची तार 104 वर बोलते, शेजारी वीज 100 वर बोलते आणि दोघींच्या मध्ये सेकंदाला चार हेलकावे. 150 तर कोमल आणि शुद्ध रिषभाच्या मधे कुठेतरी, कोणत्याही स्वराची नाही.

इतकी वर्षं मला जे खुपत होतं त्याचं कारण आज हिशेबात सापडलं. सूं आवाजाला किंवा जुन्या तबकडीच्या खरखरीला ठरावीक स्वर नसतो, कान ते बाजूला ठेवू शकतो. गुणगुणीला स्वर असतो. ऑर्केस्ट्रा किंवा सिनेमाचं गाणं ऐकणाऱ्याला ती नुसती त्रासदायक वाटेल. आपलं संगीत तर एका अखंड षड्जावर उभं आहे. इथे ती दुसरा, बेसूर तंबोरा होऊन बसते. म्हणून आमची निवड बिट आणि किलोहर्ट्झवर होणार नाही. गुणगुण कोण घालवतं, यावर होईल.

शनिवार, 14 जून

साउंड कार्डांचा इतिहास वाचत बसले. 1987 साली अ‍ॅडलिब आलं, त्यात यामाहाची चिप होती. 1989 साली सिंगापूरच्या क्रिएटिव्हनं साउंड ब्लास्टर काढलं. तोवर साधा पीसी म्हणजे बीप-बीप. ही कार्डं खपली ती मुख्यतः खेळांसाठी, बसून संगीत ऐकणारा तेव्हा फारसा कुणाच्या नजरेसमोर नव्हता.

याचा एक परिणाम पुढे बरीच वर्षं राहिला. 1997 च्या एसी 97 या मापदंडात आणि 1998 च्या साउंड ब्लास्टर लाइव्हमध्ये सगळा कारभार 48 किलोहर्ट्झवर चाले. सीडी 44.1 वर. म्हणजे सीडीचा प्रत्येक आकडा आधी नव्या वेगात बसवून घ्यायचा आणि मगच वाजवायचा. हे रिसॅम्पलिंग नीट केलं तर काही बिघडत नाही, घाईनं केलं तर मूळ आवाजात नसलेले स्वर मिसळतात. त्या काळी संगीतप्रेमी वेगळं कार्ड शोधत त्याला हे सबळ कारण होतं. एम-ऑडिओचं ऑडिओफाइल 2496 कितीतरी जणांनी याचसाठी घेतलं. 2004 साली इंटेलनं एचडी ऑडिओ आणलं आणि मदरबोर्डावरचा आवाजही पुष्कळ सुधारला.

आजही विंडोज सगळे आवाज एकत्र करून एका ठरावीक वेगात वाजवतं. साउंडच्या सेटिंगमध्ये जाऊन तो वेग पाहिला: 48 होता. आमचा बहुतेक संग्रह सीडीवरून उतरवलेला, म्हणून तो 44.1 केला, बिट 24 ठेवले आणि 'एन्हान्समेंट' नावाखालचं सगळं बंद केलं. प्लेअर म्हणून फूबार2000 आहेच. नवं यंत्र आलं की त्यात एक्सक्लुझिव्ह मोड लावायचा, म्हणजे विंडोजचा मिक्सर मध्ये येतच नाही. या सगळ्याला एक पैसाही लागला नाही.

गुरुवार, 19 जून

भाची आज बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जाऊन आली. दुकानातूनच फोन लावला. एका कार्डाच्या खोक्यावर 129 डेसिबल लिहिलं आहे, दुसऱ्यावर 124, आणि दुकानदार पहिलंच घ्या म्हणतो. ते साउंड ब्लास्टर एई-9 होतं. दुसरं असूसचं झोनार एसेन्स एसटीएक्स, 2009 सालचं, अजूनही लोक त्याचं नाव काढतात. दोन्ही कार्डं मनापासून बनवलेली आहेत, यात शंका नाही. एसेन्समध्ये तर सॉकेटमधले ऑप-अ‍ॅम काढून दुसरे बसवता येतात. हेडफोनवर एकट्यानं ऐकणाऱ्यासाठी अशी कार्डं उत्तम.

पण आकड्याचं काय करायचं? सभागृहात पंखे बंद, दारं बंद, तरी रस्त्याची कुजबुज धरून चाळीसेक डेसिबल आवाज असतोच. तबल्याची कडक थाप खुर्चीपाशी नव्वदच्या आसपास पोचेल. मध्ये उरले पन्नास. सीडीचे 16 बिट सुमारे 96 डेसिबलची जागा देतात. म्हणजे या खोलीत 16 बिटांचीही निम्मी जागा रिकामी राहते. 129 ऐकू यायला वेगळी खोली आणि वेगळे कान लागतील.

भाचीनं त्याहून महत्त्वाची गोष्ट सांगितली. "मावशी, हे आकडे बहुतेक वेळा 'ए' वजन लावून मोजतात. आपला कान हळू आवाजात खर्जाला मंद असतो, म्हणून या मोजणीत खालचे स्वर कमी धरतात. 100 हर्ट्झवर 19 डेसिबल सूट मिळते, 50 वर तीस." म्हणजे ज्या गुणगुणीनं आमचं सत्र नासतं, तिलाच खोक्यावरच्या आकड्यात सूट! शिवाय तो आकडा प्रयोगशाळेतला, आमच्या दोन भिंतींवरच्या दोन बोर्डांशी त्याचा काही संबंध नाही. दुकानदाराला नमस्कार सांग आणि परत ये, म्हटलं.

रविवार, 22 जून

सकाळी सतारमेकर गल्लीत गेले. काम तंबोऱ्याचं होतं, पण मनात कार्डच होतं. माझ्या तंबोऱ्याची जवारी बसली होती. कारागिरांनी पंखा बंद केला, मुलाला खालचा रेडिओ बंद करायला सांगितला आणि मग घोडीवर कानस फिरवायला घेतली. थोडं घासायचं, तार चढवायची, दोरा सरकवायचा, ऐकायचं. पुन्हा घासायचं. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं प्रमाणपत्र भिंतीवर होतं. त्याबद्दल बोलायला त्यांना सवड नव्हती आणि ते मला आवडलं.

जवारी लागली तसा खर्जातून गंधार उमटू लागला. खर्जाच्या 69.3 हर्ट्झच्या पाचपट म्हणजे सुमारे 346, तोच तो स्वयंभू गंधार. सी. व्ही. रामन यांनी 1921 साली आपल्या तंतुवाद्यांवर एक लेख लिहिला. तार ज्या बिंदूत छेडावी, तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू असेल तो उपस्वर नियमानं उमटता कामा नये. तंबोऱ्यात आणि वीणेत तो ठसठशीत उमटतो, हे त्यांनी दाखवलं आणि त्याचं कारण पसरट, गोलसर घोडीत आहे असं मांडलं. साउंड कार्ड पारखायला यापेक्षा चांगला आवाज मला माहीत नाही. खर्जापासून कित्येक हजार हर्ट्झपर्यंत उपस्वरांची रांग, सगळे हळूहळू विझणारे, आणि कोणता आधी विझतो यावर जवारीची गोडी ठरलेली. मागे जरा जरी आवाज असला तरी विझण्याचा शेवट बुडतो. तबला, तान, टाळ्या कुठल्याही कार्डावर छान वाजतात.

घरी येऊन श्रुतीचा हिशेब केला. कार्डाच्या घड्याळात दोष असतो, त्यानं सूर हलतो, म्हणून महागडं घड्याळ असलेलं यंत्र घ्या, असं एका गृहस्थांनी मला बजावलं होतं. कार्डातला क्वार्ट्झ दहा लाखांत पन्नास भाग चुकला असं धरू. अर्धस्वराचे शंभर भाग केले तर त्यातल्या एका भागाच्या दहाव्या हिश्शाइतकीही ही चूक भरत नाही. लहान श्रुती अशा सुमारे बावीस भागांची. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी ज्या बारकाईनं बावीस श्रुती मोजल्या, त्यांनाही यात बोट ठेवायला जागा सापडली नसती. उलट कॅसेटचा वेग एक टक्का जरी चुकला तरी सूर सतरा भागांनी सरकतो, जवळजवळ एका श्रुतीनं. कॅसेट-प्लेअरमध्ये एक टक्क्याची चूक नवलाची नाही. सुरांच्या स्थिरतेपुरतं बोलायचं तर साध्यातला साधा संगणकही आमच्या जुन्या टेपरेकॉर्डरच्या फार पुढे आहे. घड्याळासाठी जास्तीचे पैसे द्यायचे नाहीत.

बुधवार, 25 जून

संग्रह तपासला. फार वाईट वाटलं. चांगल्या चांगल्या मैफली 128 केबीपीएसच्या एमपी3 मध्ये आहेत. सीडीचा प्रवाह 1411 केबीपीएस, म्हणजे यात अकरावा हिस्सा उरला आहे. जे गळलं ते कोणतंही कार्ड परत आणणार नाही. ज्यांच्या सीडी कपाटात अजून आहेत त्या फ्लॅकमध्ये पुन्हा उतरवायला घेतल्या. फ्लॅकमध्ये फाइल साधारण निम्मी होते आणि उलगडली की मूळ आकडे जसेच्या तसे मिळतात.

रविवार, 29 जून

अण्णा हेडफोन घेऊन आले. मुलानं जर्मनीहून पाठवलेला सेनहायझर एचडी 600. त्यांची तक्रार अशी, की घरच्या संगणकावर आवाज पूर्ण वाढवूनही हळू वाजतो.

हा हेडफोन 300 ओहमचा आहे. त्याला जोर लागतो व्होल्टचा. मदरबोर्डाचा जॅक साधारण एक व्होल्ट देतो. सिनेमाच्या गाण्याला तेवढं पुरतं, कारण ती मुळातच मोठ्या आवाजात ठासून भरलेली असतात. आलाप हळू असतो, तो बिचारा खाली राहतो. अण्णांना दोन-तीन व्होल्ट देणारा छोटा हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर हवा, वेगळ्या डॅकची तितकी निकड नाही.

दुसरी बाजू आउटपुटच्या ओहमची. यंत्राच्या हेडफोन आउटपुटचे ओहम हेडफोनच्या ओहमच्या एक अष्टमांशाहून जास्त नसावेत, असा ढोबळ नियम आहे. 32 ओहमच्या हेडफोनला 4 ओहमच्या आतलं आउटपुट. का, तर हेडफोनचे ओहम सगळ्या स्वरांना सारखे नसतात. एचडी 600 मध्ये खर्जाच्या आसपास ते बरेच वर चढतात. आउटपुटचे ओहम जास्त असतील तर तेवढाच भाग फुगतो, डग्ग्याचा घुमारा वाजवणाऱ्यानं दिला त्याहून जाड होतो. पुष्कळांना हा फुगीरपणा 'भरदार आवाज' म्हणून आवडतो. मला नाही आवडत. डग्ग्यावर हाताचा दाब किती द्यायचा हे तबलजीनं ठरवलेलं असतं, ते बदलायचा हक्क आउटपुटला नाही. हा आकडा खोक्यावर क्वचितच असतो. मॅन्युअलमध्ये शोधावा लागतो आणि तिथेही नसेल तर तो उत्पादक मनातून उतरतो.

फोनला लावतात ती अ‍ॅपलची छोटी यूएसबी-सी शेपटीही आज तपासली. हजाराच्या आसपास किंमत, एक व्होल्टच्या आसपास आउटपुट, ओहम अगदी कमी आणि कोऱ्या फाइलवर पूर्ण शांतता. 32 ओहमचा हेडफोन लावून लॅपटॉपवर ऐकणाऱ्या विद्यार्थ्यांना मी हीच सांगणार आहे. अण्णांचा पहिल्या दिवशीचा प्रश्न त्यांच्यापुरता सुटला: हजारात मिळतं, आणि खरोखर चांगलं मिळतं.

रविवार, 6 जुलै, आषाढी एकादशी

पाऊस धो-धो. तरी मंडळी जमली. साबुदाण्याची खिचडी झाली आणि मग तुलना.

दोन बाहेरच्या पेट्या हाताशी होत्या. एक मोटू एम2, सांगलीतल्या ध्वनिमुद्रणाचं काम करणाऱ्या एका परिचितांची. दुसरी तिच्या कित्येक पट महाग, त्यांचीच. दोन्ही यूएसबीच्या, दोन्हींना मागे बॅलन्स्ड आउटपुट. माझा ओढा पहिल्यापासून याच प्रकाराकडे होता. बॅलन्स्ड वायरीत एकच आवाज दोन तारांतून जातो, एकीत सुलटा आणि दुसरीत उलटा. स्पीकरपाशी दोन्हींची वजाबाकी होते. वाटेत दोन्ही तारांवर सारखाच चढलेला उपद्रव त्या वजाबाकीत जातो आणि गाणं दुप्पट होऊन उरतं. अर्थिंगच्या फेऱ्यावर हा रास्त उपाय, आणि आमच्या स्पीकरना त्याची खोबण आधीपासून आहे. आम्ही ती कधी वापरलीच नव्हती. दुसरा उपाय ऑप्टिकल वायरीचा. त्यात विजेऐवजी प्रकाश जातो, म्हणून फेरा जुळतच नाही. पण मग स्पीकरच्या बाजूला आणखी एक डॅक लागतो.

तुलनेत भाचीनं आवाजाची पातळी जुळवण्यावर फार वेळ घेतला. 200 हर्ट्झचा एकच स्वर लावून मल्टिमीटरनं व्होल्ट मोजले. एका टक्क्याच्या आत येईपर्यंत ती थांबेना. साधा मल्टिमीटर वरच्या स्वरांना फसवतो, म्हणून 200. एवढं का, तर किंचित मोठं वाजणारं यंत्र प्रत्येकाला 'जास्त मोकळं' वाटतं. दुकानात याच मार्गानं महाग यंत्र विकलं जातं.

मग पडदा. आत भाची, बाहेर आम्ही, प्रत्येकाच्या हातात कागद. जुनं आउटपुट तंबोऱ्याच्या पहिल्या आवर्तनातच सगळ्यांनी ओळखलं. दोन पेट्यांमधला फरक मात्र कुणालाच सातत्यानं सांगता आला नाही. तबलजींचे कान आमच्यात सगळ्यांत तिखट. त्यांनीही कागद बाजूला ठेवला आणि म्हणाले, "दोन्हींत दुसऱ्या तारेची जवारी स्वच्छ ऐकू येते. मला एवढं पुरे."

आमची तुलना घरगुती. पण अमेरिकेत मेयर आणि मोरान यांनी 2007 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मोठा होता. उच्च दर्जाच्या ध्वनिमुद्रणाच्या वाटेत त्यांनी 16 बिट, 44.1 चा टप्पा घातला आणि तो आहे की नाही हे ऐकणाऱ्यांना विचारलं. 554 वेळा विचारून बरोबर उत्तरं 276 आली, नाणं उडवून येतील तेवढीच. लंडनच्या जोशुआ रीस यांनी 2016 साली अशा 18 प्रयोगांचा एकत्र हिशेब केला, तेव्हा 52.3 टक्के उत्तरं बरोबर निघाली. म्हणजे फरक कुणाला कधीतरी कळत असेल, पण तो अगदी थोडा. त्या थोड्यासाठी वर्गणीचा पैसा घालण्यात मला अर्थ दिसत नाही. गुणगुणीचा फरक मात्र नाणं उडवण्याचा नव्हता.

एम2 घ्यायची ठरली. रक्कम ठरावात बसते. उरलेल्यातून बॅलन्स्ड वायरी आणि मागच्या भिंतीला जाड पडदे.

शुक्रवार, 11 जुलै

काल सत्र झालं. खाँसाहेबांचा देह 1937 साली गेला. त्यांची कबर इथेच, ख्वाजा शमना मीरा दर्ग्यात आहे आणि दरवर्षी उरुसात तिथे गाणं होतं. मिरजेत त्यांची तबकडी लावणं ही आम्हाला जबाबदारी वाटते.

सत्राआधी अण्णांनी पुन्हा एकदा रास्त प्रश्न विचारला. या 78 फेऱ्यांच्या तबकड्या, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं, पाच-सहा हजार हर्ट्झच्या वर गाण्यापेक्षा खरखरच जास्त. मग यांच्यासाठी इतका खटाटोप का? मी म्हटलं, अण्णा, खरखर तबकडीची आहे, ती राहू द्या. गुणगुण आपली होती. खाँसाहेबांच्या षड्जाशेजारी आपला बेसूर स्वर का वाजावा?

पहिली तबकडी लागली. खरखर होती. तिच्यामागे काही नव्हतं. खाँसाहेबांनी तार षड्ज लावून धरला, तो संपेपर्यंत ऐकू आला, संपल्यावर पुन्हा खरखर. मागच्या रांगेतल्या एक आजी म्हणाल्या, "आज तंबोरा दिसला." गेली कित्येक वर्षं त्या येतात आणि कधी बोलत नाहीत.

साउंड कार्ड घ्यायला निघालेल्या रसिकांना माझं सांगणं एवढंच, की आधी घरी कोरी फाइल पूर्ण आवाजात लावा. हेडफोनमध्ये आवाज आला तर दोष कार्डाकडे आहे, बाहेरची एखादी छोटी पेटी घ्या. फक्त स्पीकरमध्ये आला तर दोष अर्थिंगचा आहे, पैसा बॅलन्स्ड किंवा ऑप्टिकल वाटेवर घाला. दोन्हीकडे शांत असेल तर कार्ड घेऊच नका, ते पैसे हेडफोनला, स्पीकरला किंवा एखाद्या सीडीच्या संचाला द्या.

आणि मिरज-सांगली परिसरातल्या मंडळींना एक विनंती. आमच्या नव्या पेटीला आवाज आत घेण्याची सोयही आहे. तुमच्या घरी कुणाच्या खासगी मैफलीची टेप माळ्यावर पडली असेल, तर ती पावसाळ्याच्या ओलीत बुरशी धरण्याआधी मंडळात आणून द्या. 24 बिट, 96 किलोहर्ट्झवर उतरवू, फ्लॅकची प्रत तुम्हाला देऊ आणि मूळ टेप परत करू. सत्र दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी सहाला असतं, टेप तेव्हाच आणावी.